उद्या पहाटे धुके पडेल का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

हवामानाचा अंदाज संगणकावर कसा काढला जातो, या विषयावरील गेल्या अंकातील लेखानंतर जी पत्रे आली, त्यांत पावसापेक्षा धुक्याविषयीची पत्रे जास्त आहेत. दिवस थंडीचे आहेत आणि कल्याणच्या पलीकडून रोज पहाटे मुंबई गाठणारे आपले वाचकही पुष्कळ आहेत, त्यामुळे हे साहजिकच आहे. वातावरणाचे लहान लहान कप्पे पाडायचे, प्रत्येक कप्प्यातील तापमान, बाष्प, दाब आणि वारा यांची समीकरणे काही मिनिटांच्या टप्प्यांनी पुढे सोडवत न्यायची आणि त्यातून उद्याचे हवामान काढायचे, याला संख्यात्मक हवामान अंदाज आणि हे गणित करणाऱ्या संगणकीय प्रणालीला मॉडेल म्हणतात, एवढे त्या लेखात सांगितले होते. या वेळचे संपूर्ण सदर धुक्यासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : मी बदलापूरहून पहाटेच्या लोकलने मुंबईला जातो. या मोसमात एका सकाळी वांगणी-बदलापूर पट्ट्यात समोरचा फलाटही दिसत नव्हता आणि गाड्या उशिरा धावत होत्या. आदल्या रात्री मोबाइलवर मात्र ‘आकाश निरभ्र’ असा अंदाज होता. पाऊस चार दिवस आधी सांगता येतो, मग दुसऱ्या दिवशीचे धुके का सांगता येत नाही? (एक नोकरदार वाचक, बदलापूर)

उत्तर : आपल्या मोबाइलवरील अंदाज खरे तर बरोबरच होता. हिवाळ्यात जमिनीलगत जे धुके पडते, त्याला निरभ्र आकाशच लागते. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकू लागते. वर ढग असतील तर त्यातील बरीचशी उष्णता ते खाली परत पाठवतात. आकाश मोकळे असेल तर ती अवकाशात निघून जाते. जमीन थंड होते, तिला चिकटलेली हवा थंड होते, आणि त्या हवेचे तापमान दवबिंदूपर्यंत, म्हणजे तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानापर्यंत, उतरले की धुके पडण्याची शक्यता निर्माण होते. याला प्रारणजन्य धुके म्हणतात. मॉडेलने निरभ्र आकाश सांगितले, वारा मंद राहील हेही सांगितले, आणि तरीही धुके सांगितले नाही. असे का होते, हे कळण्यासाठी थोडे आकड्यांत शिरावे लागेल.

पहाटे १५ अंश सेल्सियस तापमान असलेली, बाष्पाने पूर्ण संपृक्त झालेली, म्हणजे आणखी बाष्प मावणार नाही अशी, एक घनमीटर हवा घेतली, तर तिच्यात साधारण १२.८ ग्रॅम बाष्प असते. हीच हवा १४ अंशांवर आणली तर तिच्यात सुमारे १२.१ ग्रॅमच बाष्प मावते. म्हणजे एका अंशाच्या फरकाने पाऊण ग्रॅमच्या आसपास बाष्प जादा ठरते. आता दाट धुक्यात पाणी किती असते ते पाहा. दोनशे मीटरच्या पलीकडचे काही दिसू नये, एवढे दाट धुके होण्यासाठी एका घनमीटर हवेत जेमतेम ०.१ ग्रॅम पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपात असले तरी पुरते. हिशेब सरळ आहे : संपृक्त हवा आणखी सुमारे ०.१३ अंश थंड झाली की एवढे पाणी तयार होते. उत्तम मॉडेलांच्याही किमान तापमानाच्या अंदाजात एक-दोन अंशांची चूक नेहमीचीच असते, आणि आपल्याला बाकी कोणत्याही कामासाठी ती चालते. स्वेटर घालायचा की नाही हे ठरवायला एक अंशाने काही बिघडत नाही. धुक्याच्या बाबतीत मात्र त्याच एका अंशात धुके आणि लख्ख सकाळ, दोन्ही सामावलेले असतात. धान्याची पोती तोलायच्या काट्यावर चिमूटभर केशर मोजावे, तसे हे काम आहे.

पावसाची गोष्ट वेगळी आहे. कमी दाबाचे क्षेत्र शेकडो किलोमीटर पसरलेले असते, ते दिवसेंदिवस टिकते, आणि ते कोठून कोठे सरकेल हे ज्या समीकरणांनी ठरते ती मॉडेलांना चांगली साधलेली आहेत. प्रारणजन्य धुके मात्र जमिनीपासून काही दहा मीटर, फार तर दोनेकशे मीटर उंचीत घडते आणि काही तासांत संपते. त्या पातळ थरात अनेक क्रिया एकमेकींशी झगडत असतात. निरभ्र शांत रात्री जमीन दर चौरस मीटरला साधारण साठ ते ऐंशी वॉट या वेगाने उष्णता गमावते, पण खालच्या मातीतून वर येणारी उष्णता त्यातील मोठा भाग भरून काढते. माती ओली आहे की कोरडी, यावर ती भरपाई अवलंबून असते. वारा अगदीच पडला तर बाष्प गवतावर आणि पत्र्यांवर दव होऊन बसते आणि हवा उलट कोरडी होते. वारा थोडा हलता असेल तर गारवा वरच्या काही मीटरपर्यंत पसरतो आणि धुके धरते. आणखी वाढला तर वरची कोरडी, उबदार हवा खाली मिसळून सारे विरून जाते. या तिन्ही अवस्थांतील वाऱ्याचा फरक ताशी काही किलोमीटरचाच असतो, आणि इतक्या मंद वाऱ्याचा अंदाज हा मॉडेलांचा कच्चा दुवा आहे.

आता आपल्याच पट्ट्याकडे बघा. बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदी रेल्वेमार्गाच्या जवळून वाहते. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली तो हाच सखल भाग. पावसाळ्यात जेथे पाणी साठते तेथेच हिवाळ्यात थंड हवाही साठते, कारण थंड हवा जड असते आणि रात्री ती माथेरानच्या डोंगररांगेच्या उतारांवरून खोऱ्यात घरंगळत येते. नदीचे पाणी आणि काठची ओली शेते बाष्प पुरवतात. सहा किंवा बारा किलोमीटरच्या कप्प्याने मोजणाऱ्या मॉडेलात हा नदीकाठ, भोवतालचे डोंगर, औद्योगिक वसाहत आणि नव्या इमारती, या सगळ्यांची मिळून एकच सरासरी जमीन आणि एकच सरासरी उंची धरलेली असते. आठशे मीटर उंचीचे माथेरान आणि समुद्रसपाटीपासून थोड्याच मीटरवरील नदीकाठ एकमेकांत मिसळले, की खोऱ्यात साचणारा गारवा गणितात उमटतच नाही. मोबाइलवरील अनेक ॲप जागतिक मॉडेलांच्या आकड्यांवरच चालतात. त्यांत खोऱ्यातल्या धुक्याला जागाच नसते.

प्रश्न : मॉडेल समीकरणे सोडवते हे समजले. पण ‘दृश्यमानता दोनशे मीटर’ असा आकडा त्यातून नेमका कसा निघतो? मॉडेलला काय ‘दिसते’? (एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड)

उत्तर : मॉडेलला दिसत काहीच नाही, त्याच्याकडे असते ते पाण्याचे प्रमाण. एखाद्या कप्प्यातील हवा संपृक्त झाली की जादा बाष्पाचे मॉडेल ढगाच्या पाण्यात रूपांतर करते, आणि हे जमिनीलगतच्या सर्वांत खालच्या थरात घडले तर त्यालाच आपण धुके म्हणतो. धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढग, एवढाच त्याचा गणितातील अर्थ आहे. एक किलोमीटरच्या आत दृश्यमानता आली तर हवामानशास्त्रात त्याला धुके म्हणतात. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत २०० मीटरच्या खाली दाट धुके आणि ५० मीटरच्या खाली अतिदाट धुके असते.

पाण्यावरून दृश्यमानतेकडे जाण्याचा रस्ता दोन टप्प्यांचा आहे. हवेतील कण प्रकाश किती विखुरतात, यावरून एखादी काळी वस्तू आकाशाच्या पार्श्वभूमीवर किती अंतरापर्यंत ओळखू येईल हे काढण्याचे सूत्र जर्मन शास्त्रज्ञ कोश्मीडर यांनी १९२४ मध्ये मांडले, आणि ते आजही वापरात आहे. दुसरा टप्पा आहे तो हवेतील पाण्याच्या वजनावरून हे विखुरणे किती होईल ते ठरवण्याचा. १९८४ मध्ये कुंकेल या संशोधकाने प्रत्यक्ष धुक्यातील मोजमापांवरून त्यासाठी एक सूत्र दिले, आणि पुष्कळ मॉडेलांत पुढे तेच रूढ झाले. वर दिलेला ०.१ ग्रॅमला दोनशे मीटरचा हिशेब याच दोन सूत्रांचा आहे.

मात्र यात एक मेख आहे. प्रकाश विखुरला जातो तो थेंबांच्या पृष्ठभागामुळे. तेवढेच पाणी थोड्या मोठ्या थेंबांत वाटले तर कमी झाकोळते, असंख्य बारीक थेंबांत वाटले तर खूप जास्त. थेंब किती होतील हे हवेतील धूळ, धूर आणि क्षार यांच्या कणांवर ठरते, कारण बाष्पाला पाणी व्हायला टेकण्यासाठी असा कण लागतो. स्वच्छ समुद्री हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये असे काही दहा ते शे-दोनशे कण असतात. शहराच्या धुरकट हवेत ते हजारोंनी असतात. त्यामुळे पाण्याचे वजन अगदी बरोबर काढूनही मॉडेलची दृश्यमानता निम्म्याने किंवा दुपटीने चुकू शकते. पाण्यासोबत थेंबांची संख्याही हिशेबात घेणारी सूत्रे २००६ नंतर पुढे आली आहेत, पण त्यांना हवेतील कणांचा ताजा आकडा पुरवावा लागतो, आणि तोच बहुतेक ठिकाणी मिळत नाही. माझ्या मते धुक्याच्या अंदाजातील सर्वांत मोठी अडचण आता येथे आहे; समीकरणांत ती तितकीशी राहिलेली नाही.

प्रश्न : पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात जे धुके असते तेही असेच पडते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बोरघाटात किंवा कसाऱ्याच्या घाटात गाडी ज्यातून जाते तो खराखुरा ढग असतो. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, चढताना प्रसरण पावून थंड होते, आणि ढगाचा पाया घाटमाथ्याच्या खाली येतो. येथे गारवा रात्रीच्या प्रारणाने आलेला नसतो आणि वाराही भरपूर असतो. म्हणूनच हे धुके भर दुपारीही हटत नाही. मॉडेलांना हे त्यामानाने सोपे जाते, कारण डोंगराची उंची आणि वाऱ्याची दिशा एवढे नीट धरले की बरेचसे काम होते.

प्रश्न : जानेवारीत दादरच्या चौपाटीवरून सागरी सेतू दिसेनासा होतो. वर्तमानपत्रे त्याला ‘धुक्याची चादर’ म्हणतात. मुंबई शहरात खरोखर धुके पडते का? (एक विद्यार्थिनी, दादर)

उत्तर : बहुतेक वेळा ते धुरके असते. ओळखण्याची खूण सोपी आहे : ऊन वर आल्यावर, हवा कोरडी झाल्यावरही सेतू पुसट दिसत असेल, तर हवेत पाण्याचे थेंब नसून धूळ आणि धूर आहे. हिवाळ्यात रात्री जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहतो, जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर बसतो आणि खालची हवा वर जाऊ शकत नाही. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, उघड्यावर जाळलेला कचरा, सारे त्या कोंडलेल्या हवेत राहते. दुपारी समुद्रावरून वारे सुरू झाले की शहर मोकळे होते. ते उशिरा सुरू झाले तर त्या दिवशी मळभ हटत नाही. पहाटे आर्द्रता वाढली की हेच कण पाणी शोषून फुगतात, आणि मग धुरके व धुके यांच्यातली रेषा खरोखरच पुसट होते. हे सांगितले पाहिजे, कारण ‘धुके’ म्हटले की लोक त्याला निसर्गाची गंमत समजून त्यात फिरायला बाहेर पडतात. दम्याच्या रुग्णाने आणि म्हाताऱ्या माणसांनी ज्या हवेत घराबाहेर पडू नये, तिला सुंदर नाव देऊ नये असे मला मनापासून वाटते.

खरे धुके शहरात कमी पडण्याची कारणेही आहेत. समुद्री धुके पडायला गार पाणी आणि त्यावरून वाहणारी उबदार दमट हवा लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर किंवा न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात ते असते. मुंबईसमोरचे पाणी जानेवारीतही २५-२६ अंशांच्या आसपास असते, म्हणजे पहाटेच्या हवेपेक्षा पाणीच उबदार. कुलाब्याचे हिवाळ्यातील किमान तापमान सांताक्रूझपेक्षा सहसा दोन-तीन अंशांनी जास्त राहते ते तीन बाजूंनी असलेल्या या पाण्यामुळे. त्यात काँक्रीट आणि डांबर दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहतात. आरे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि पवईच्या बाजूला हवा जास्त गार होते आणि तेथे कधीमधी सकाळी पातळ धुके दिसते; पण उल्हास, काळू आणि भातसा या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे कर्जत, टिटवाळा, वासिंद, आसनगाव या पट्ट्यात ते जसे दाटते तसे शहरात क्वचितच.

प्रश्न : मुंबईत वेरावलीला हवामानाचे नवे रडार बसवले आहे. त्यावर धुके का दिसत नाही? (एक वाचक, जोगेश्वरी)

उत्तर : कारण धुक्याचे थेंब रडारसाठी फार लहान आहेत. रडारकडे परत येणारा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असतो. पावसाचा थेंब एक मिलिमीटरचा धरला आणि धुक्याचा त्याच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे १० मायक्रॉनचा, तर एका थेंबामागे प्रतिध्वनी एक लाख कोटी पटींनी कमी होतो. धुक्यातील थेंबांची संख्या पावसापेक्षा लाखपट असली तरी तूट भरून निघत नाही. शिवाय रडारचा झोत जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच जातो, आणि धुके तर खाली बसलेले असते.

उपग्रहाला ते दिसू शकते. रात्री ३.९ मायक्रॉनच्या आसपासच्या आणि १०.८ मायक्रॉनच्या आसपासच्या अशा दोन अवरक्त पट्ट्यांत एकच जागा पाहिली, तर बारीक थेंबांचा थर पहिल्या पट्ट्यात किंचित जास्त गार भासतो. उघडी जमीन तशी भासत नाही. इन्सॅट मालिकेतील आपले उपग्रह याच फरकावरून रात्रीचे धुके टिपतात आणि उत्तर भारताच्या मैदानावरील शेकडो किलोमीटरचा पांढरा पट्टा त्यावर स्पष्ट दिसतो. मात्र या पट्ट्यांत उपग्रहाचा एक ठिपका सुमारे चार किलोमीटरचा असतो, त्यामुळे नदीकाठच्या अरुंद धुक्याला त्याची नजर पुरत नाही. आणि वर पातळ उंच ढग आले तर खालचे सगळे झाकले जाते.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. महासंगणक मोठा केला आणि कप्पे लहान केले, तर धुक्याचा प्रश्न सुटेल का? (विलेपार्ले)

उत्तर : काही अंशी सुटेल, आणि त्या दिशेने कामही झाले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ आणि नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात ‘अरुणिका’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. पुण्याच्या संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ मे २०२५ पासून वापरात आली असून तिचा कप्पा सुमारे सहा किलोमीटरचा आहे. आधीचे जागतिक मॉडेल बारा किलोमीटरचे होते. दिल्लीसाठी तर नोएडाच्या केंद्राने ३३० मीटरच्या कप्प्याचे, हवेतील रसायने आणि कण धरून चालणारे मॉडेल चालवले आहे. इतक्या बारीक जाळ्यात नदी नदी म्हणून आणि विमानतळ विमानतळ म्हणून ओळखू येतो.

पण धुक्यासाठी आडव्या कप्प्याइतकाच उभा थर महत्त्वाचा आहे. सर्वांत खालचा थर वीस मीटर जाडीचा असेल, तर पाच मीटर उंचीचे कोवळे धुके त्यात बसत नाही. मॉडेल एक तर ते पाहत नाही, नाहीतर एकदम वीस मीटर भरून टाकते. थर पातळ केले की काळाचे टप्पेही लहान करावे लागतात, आणि गणित वाढत जाते.

याहून मोठा धडा इंग्लंडमधल्या एका तौलनिक अभ्यासातून मिळाला. बेडफर्डशरमधील कार्डिंग्टन येथे ‘लॅनफेक्स’ प्रयोगात धुक्याच्या एका रात्रीचे अतिशय बारकाईने मोजमाप झाले होते. तीच रात्र, तीच सुरुवातीची माहिती देऊन निरनिराळ्या देशांतील मॉडेलांना सोडवायला दिली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मॉडेलांचे आपसांतही जमले नाही. बहुतेकांनी धुक्यात प्रत्यक्षापेक्षा जास्त पाणी धरले आणि ते फार लवकर दाट केले. यात काही मीटरच्या कप्प्यांची, अगदी सूक्ष्म जाळ्याची मॉडेलेही होती. फरकाचे मोठे कारण थेंबांची संख्या कशी धरली हे होते. थेंब जास्त धरले की ते लहान राहतात, खाली बसत नाहीत, धुक्याचा माथा जास्त उष्णता बाहेर टाकतो, माथा गार झाला की हवा खालवर ढवळली जाते, आणि पातळ थराचे बघता बघता शंभर-दीडशे मीटरचे जाड धुके होते. एका चुकीतून पुढची चूक अशी वाढत जाते. म्हणून तुम्हाला या विषयात काम करायचे असेल, तर संगणकाइतकाच वेळ मोजमापाच्या उपकरणांसोबत घालवा, असा माझा आग्रह आहे. पुण्याच्या संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर चालवलेला ‘वायफेक्स’ हा प्रयोग त्याचा उत्तम नमुना आहे. तेथे जमिनीतील उष्णता, हवेतील कण, थेंबांचे आकार, खालच्या थरातील वारा, हे सारे हिवाळ्यामागून हिवाळा मोजले जात आहे, आणि त्याच आधारावर दिल्लीचा धुक्याचा अंदाज सुधारत आला आहे.

मुंबईच्या बाबतीत एक लहानसा अडथळाही लक्षात घ्या. हवेच्या उभ्या थरांची मोजणी करणारे फुगे जगभर एकाच वेळी सोडले जातात, आणि आपल्याकडे ती वेळ पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचची येते. संध्याकाळी साडेपाचला जमीन अजून उबदार असते, थंड थर तयारच झालेला नसतो. पहाटे साडेपाचला धुके पडायचे असेल तर पडून गेलेले असते. मधल्या बारा तासांत, म्हणजे नेमक्या कामाच्या वेळी, खालच्या दोनशे मीटरचे काय चालले आहे हे मॉडेलला कोणी सांगत नाही. आणि सांताक्रूझच्या फुग्यावरून वांगणीची हवा कळावी अशी अपेक्षाही करता येत नाही.

प्रश्न : दिल्लीत धुके पडले की मुंबईतील आमची विमाने खोळंबतात. एवढे अंदाज असूनही विमान कंपन्या आधीच वेळ का बदलत नाहीत? (एक प्रवासी, अंधेरी)

उत्तर : कारण अंदाज ‘पडेल’ किंवा ‘पडणार नाही’ असा देणे प्रामाणिक ठरत नाही. धुके सांगितले आणि पडले नाही, तर रद्द केलेल्या विमानांचे नुकसान. सांगितले नाही आणि पडले, तर हवेत घिरट्या आणि दुसऱ्या शहरात उतरवलेली विमाने. यावरचा मार्ग म्हणजे सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवायचे आणि किती वेळा धुके येते ते मोजायचे. हवामान विभागाने २०१८ मध्ये बारा किलोमीटरच्या मॉडेलावर अशी २१ अंदाजांची संच-पद्धत सुरू केली. एकवीसपैकी पंधरा वेळा धुके आले तर शक्यता साधारण सत्तर टक्के, असा त्याचा सरळ अर्थ. विमानतळाला सत्तर टक्के हा आकडा उपयोगाचा असतो, कारण खबरदारीचा खर्च आणि चुकीचा खर्च त्याला माहीत असतो.

धावपट्टीवरचा निर्णय मात्र अंदाजावर होत नाही. तेथे धावपट्टीलगतच्या उपकरणांनी मोजलेले दृश्य अंतर पाहतात. त्यासाठीचे ‘दृष्टी’ हे उपकरण बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने देशातच बनवले आहे. दिल्लीला ५० मीटरपर्यंतच्या दृश्यमानतेत विमान उतरवण्याची यंत्रणा आहे, पण तेवढ्यात उतरायला विमान आणि वैमानिक दोघेही त्यासाठी पात्र असावे लागतात.

मला खटकते ते हे की, टक्केवारीतली ही शक्यता सामान्य प्रवाशापर्यंत क्वचितच पोहोचते. कर्जत किंवा कसाऱ्याहून पहिली लोकल धरणाऱ्या माणसाला ‘उद्या धुक्याची शक्यता साठ टक्के’ एवढे रात्री नऊ वाजता कळले, तर तो एक गाडी आधीची धरेल. आणि ती शक्यता ठरवण्यासाठी वांगणी, टिटवाळा, वासिंद येथे स्टेशनाच्या आवारात दृश्यमानता मोजणारी उपकरणे हवीत. दोन-चार हिवाळ्यांच्या अशा नोंदी साठल्या, तर मॉडेलचा आकडा आणि प्रत्यक्ष धुके यांची सांगड घालून स्थानिक अंदाज आजच्यापेक्षा पुष्कळ चांगला देता येईल. त्यासाठी नवा महासंगणक लागत नाही.

प्रश्न : तोपर्यंत आम्ही घरच्या घरी काही ताडू शकतो का? माझ्या मुलाला पहाटे पाचला मोटारसायकलवरून निघावे लागते. (एक गृहिणी, टिटवाळा)

उत्तर : बऱ्यापैकी ताडू शकता. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास हवामानाच्या ॲपवर तापमानाखालीच ‘ड्यू पॉइंट’ म्हणून दिलेला दवबिंदूचा आकडा पाहा, आणि पहाटेचे किमान तापमान किती सांगितले आहे तेही पाहा. किमान तापमान दवबिंदूच्या एक-दोन अंशांच्या आत येत असेल किंवा त्याखाली जात असेल, आकाशात चांदण्या स्वच्छ दिसत असतील आणि झाडाची पाने हलत नसतील, तर काळू नदीच्या बाजूला पहाटे धुके धरण्याची शक्यता चांगली आहे असे समजा. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस होऊन गेला असेल तर ती आणखी वाढते, कारण माती ओली असते. रात्री ढग आले किंवा वारा सुटला तर चिंता कमी. रात्री अकरालाच गाडीच्या सीटवर भरपूर दव साचलेले दिसले, तर त्याचा अर्थ हवा संपृक्त झाली आहे इतकाच. धुके पडेल की सारे बाष्प दवातच जाईल, हे त्यावरून सांगता येत नाही.

धुके बहुधा पहाटे चार ते आठ या वेळात सर्वांत दाट असते, आणि गंमत अशी की, सूर्य उगवल्यावर पहिल्या काही मिनिटांत ते कधीकधी वाढते, कारण जमिनीलगतची हवा ढवळली जाऊन खालचा ओलावा वर पसरतो. निघायला पाचच्या ऐवजी सहा वाजले म्हणून रस्ता मोकळा मिळेल असे नाही. थांबायचेच असेल तर साडेआठपर्यंत थांबावे लागेल. तेवढे शक्य नसेल, तर नदीकाठचा रस्ता टाळून वरच्या अंगाचा रस्ता धरावा. धुक्यात हेडलाइटचा वरचा झोत लावू नये. थेंबांवरून तो प्रकाश उलट डोळ्यांवर येतो आणि समोरचे आणखी कमी दिसते. खालचा झोत आणि मागचा लाल दिवा चालू असल्याची खात्री त्याने निघण्यापूर्वी करून घ्यावी.